टापूवरच्या पाड्याला रस्ता-पूल: सरकारी कंत्राटाची नोंदणी, कागदपत्रं आणि निविदा

"भाऊ, लायसन काढाले काय काय लागस?" शहादा, तळोदा, शिरपूर, दोंडाईचा भागात सिव्हिलचा डिप्लोमा करून बसलेली पोरं आणि जेसीबी-ट्रॅक्टर बाळगणारे शेतकरी हा प्रश्न हमखास विचारतात. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कंत्राटदार म्हणून नाव नोंदवणं तसं सरळ काम आहे. यादीप्रमाणे कागद लावले, त्रुटी निघाली ती पुरी केली, की होतं. पोरं अडकतात ती पहिलं मोठं काम धडगाव-मोलगीच्या पलीकडचं घेतात तेव्हा. म्हणून इथं नोंदणीचं जेवढ्यास तेवढं सांगतो आणि दर भरण्याआधी काय वाचायचं, त्यावर जास्त थांबतो.

आधी जागा समजून घ्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) या दोन तालुक्यांच्या उत्तरेला नर्मदा आहे. सरदार सरोवर धरणाची पूर्ण पाणीपातळी १३८.६८ मीटर, आणि त्याच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. मणिबेली, चिमलखेडी, भूषा या बाजूचे काही पाडे आता पाण्यानं तीन बाजूंनी वेढलेले आहेत, काही टेकड्यांचा तर पाणी चढलं की चक्क टापू होतो. तिथं माणसं बोटीनं जातात, सामान बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर) जातं, दवाखानासुद्धा तरंगता आहे. पण अशा पाड्याच्या रस्त्याची किंवा फरशी पुलाची (बुटक्या पुलाची) निविदा निघते तीच, त्याच नमुन्यात, ज्या नमुन्यात नंदुरबार बायपासलगतच्या रस्त्याची निघते. फरक कागदाच्या आतल्या पानांत असतो.

नोंदणी कोणाला, कुठे

शिरायला तीन दारं आहेत. पहिलं खुल्या कंत्राटदाराचं. यात वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाला किती रकमेपर्यंतचं काम घेता येईल याची मर्यादा असते. वरच्या वर्गाला मर्यादा नसते. या मर्यादा शासन निर्णयानं बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी विभागीय कार्यालयात लागू असलेला निर्णय मागून घ्या, मित्राच्या जुन्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. खालच्या वर्गांचे अर्ज जिल्ह्याच्या-मंडळाच्या पातळीवर निघतात, वरचे नाशिकच्या मुख्य अभियंत्यांकडे आणि त्याही पुढे जातात.

दुसरं दार सुशिक्षित बेरोजगार अभियंत्याचं. स्थापत्याची पदवी किंवा पदविका, अधिवासाचा दाखला, कुठेही नोकरीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि स्वतःच्या नावावर दुसरी कंत्राटदार नोंदणी नसणं हा त्याचा गाभा. तिसरं मजूर सहकारी संस्थेचं. ती सहकार खात्याकडे नोंदवलेली हवी आणि कामं जिल्हा मजूर संघामार्फत येतात. जिल्हा परिषदेची छोटी कामं या तिघांत ३३:३३:३४ अशी वाटली जातात, आणि कोणतं कोणाला हे काम वाटप समिती ठरवते, बऱ्याचदा सोडत काढून. नवख्याला अनुभवाचे दाखले जमवायला ही छोटी कामं फार उपयोगाची. पाईप मोरी, संरक्षक भिंत, दोन-पाचशे मीटर काँक्रीट रस्ता यात कमाई मोठी नसते, पण काम पूर्ण केल्याचा कार्यकारी अभियंत्यांच्या सहीचा दाखला मिळतो. पुढे पुलाच्या निविदेत 'तत्सम कामाचा अनुभव' विचारतात तेव्हा तोच चालतो. खासगी बिल्डरचं पत्र तिथं सहसा चालत नाही.

कागदपत्रं

पॅन, आधार, जीएसटी नोंदणी, व्यवसाय कराचं प्रमाणपत्र, भागीदारी असेल तर नोंदणीकृत भागीदारीपत्र, कंपनी असेल तर तिची कागदपत्रं. बँकेचा ऐपतीचा दाखला, ज्याला सगळे सॉल्व्हन्सी म्हणतात तो. सनदी लेखापालानं प्रमाणित केलेली मागच्या वर्षांची उलाढाल आणि विवरणपत्रं. यंत्रसामग्रीची यादी आणि तिच्या मालकीचा पुरावा: आरसी बुक, खरेदीचं बिल, भाड्यानं घेणार असाल तर करारनामा. कामावर ठेवलेल्या अभियंत्याची पदवी आणि त्याचं संमतीपत्र. काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र.

यात नाव जुळणं ही सर्वांत चिवट कटकट. पॅनवर 'पाटील रमेश', आधारवर वडिलांच्या नावासकट, बँकेत तिसरंच स्पेलिंग, असं असेल तर आधी ते एक करून घ्या. पुढे डिजिटल सही काढताना तीच अडचण दुपटीनं येते.

महाटेंडर्सवर निविदा भरताना

ई-निविदेच्या मर्यादेवरची सगळी कामं राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर येतात. त्यासाठी क्लास तीनची डिजिटल सही लागते. क्लास दोन १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. सहीचं टोकन कॅफेवाल्याकडे ठेवून देण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. ते टोकन म्हणजे तुमची सही आहे. तुमच्या नावानं कोणी कितीही टक्के खाली दर भरू शकतो, मग तो आपला माणूस असला तरी.

निविदा दोन पाकिटांत असते. पहिल्यात तांत्रिक कागद, दुसऱ्यात दर. पहिलं पाकीट पास झालं तरच दुसरं उघडतं. बयाणा रक्कम आणि निविदा शुल्क ऑनलाइन भरायचं असतं, आणि एनईएफटी-आरटीजीएसचं चलन पोर्टलला दिसायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या दिवसाची दुपार गाठू नका. धडगावात तर रेंजवरच भिस्त असते. शहाद्याला किंवा नंदुरबारला येऊन भरलेलं बरं.

दराची एक्सेल फाईल पोर्टलवरून उतरवायची, तिच्यात आकडा टाकायचा आणि तीच परत चढवायची. फाईलचं नाव बदललं, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून जतन केली, तर पोर्टल ती घेत नाही. रस्त्याची बरीच कामं बी-१ नमुन्यात, म्हणजे टक्केवारीवर असतात: अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के जास्त किंवा इतके टक्के कमी. त्या फाईलमध्ये 'जास्त' की 'कमी' हे एका छोट्या चौकटीतून निवडावं लागतं. बारा टक्के कमी म्हणून आकडा टाकला आणि चौकट 'जास्त'वरच राहिली, तर निविदा बारा टक्के चढ्या दरानं जाते. सही करण्याआधी खालची अक्षरी रक्कम वाचा, तिथं लगेच कळतं. बी-२ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरायचा असतो. मोठ्या पुलांना कधीकधी ठोक रकमेची निविदा निघते. तिथं संकल्पनाची (डिझाइनची) जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते, म्हणून नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

दर फार खाली गेला की अतिरिक्त सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि अंदाजपत्रकाच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली उतरलात की ती झपाट्यानं चढते. ही रक्कम काम पुरं होईपर्यंत अडकून पडते. व्याज कोणाच्या खिशातून जाणार हे दर ठरवतानाच धरा.

बोली क्षमता

कागद सगळे बरोबर असूनही माणूस पहिल्याच पाकिटात बाद होतो तो इथं. सूत्र असं: अ × न × २ − ब. 'अ' म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या कोणत्याही एका वर्षातली बांधकामाची सर्वांत मोठी उलाढाल, चालू किमतीला आणलेली. 'न' म्हणजे काम पुरं करायची मुदत वर्षांत. 'ब' म्हणजे हातात असलेल्या कामांपैकी त्याच मुदतीत करायचं बाकी काम.

समजा 'अ' ८० लाख, मुदत १८ महिने म्हणजे 'न' दीड, आणि हातात ६० लाखांचं काम बाकी. ८० × १.५ × २ = २४०, त्यातून ६० गेले, राहिले १८० लाख. निविदा एक कोटी ९० लाखांची असेल तर तुम्ही बसत नाही. चालू कामांची यादी लपवून हे जमवू पाहणारे असतात. दुसऱ्या निविदाकारानं हरकत घेतली की ते उघडं पडतं आणि बयाणा जप्त होतो.

दर भरण्याआधी: लीड आणि पाण्याचं वेळापत्रक

अंदाजपत्रकासोबत लीड चार्ट असतो. खडी कोणत्या क्रशरवरून, वाळू कुठून, सिमेंट-लोखंड कुठून, आणि प्रत्येकाचं कामापर्यंतचं अंतर किती, हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्या भागातल्या कामाचा जीव या एका पानात आहे. देवगोई घाटातून मोलगीकडे किंवा चांदसैली घाटातून धडगावकडे भरलेला डंपर सपाटीवरच्या वेगानं जात नाही. पण तोही प्रश्न डांबरी रस्ता संपेपर्यंतचाच. त्यापुढे डंपरमधला माल ट्रॅक्टरमध्ये, ट्रॅक्टरमधला बार्जवर, बार्जवरून उतरवून पुन्हा गाढवावर किंवा माणसांच्या डोक्यावर. प्रत्येक चढ-उताराला मजुरी आहे आणि प्रत्येक वेळी सिमेंटच्या दोन-चार गोण्या फुटतात. अंदाजपत्रकात ही दुबार हाताळणी आणि जलवाहतूक धरली आहे का, दुर्गम भागाचा वाढीव टक्का लावला आहे का, हे शोधा. नसेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तोंडी "बघू नंतर" याला बिलात किंमत नाही.

दुसरं, पाणी. तापीकाठच्या नाल्यावर फरशी बांधायची तर पावसाळा सरला की पाणी उतरतं आणि नोव्हेंबरापासून काम धरता येतं. नर्मदेच्या फुगवट्यावर (धरणामुळे मागे साचलेल्या पाण्यावर) उलटं आहे. धरण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरलेलं असतं, म्हणजे पाऊस थांबतो तेव्हाच पाणी सर्वांत वर. ते हळूहळू उतरत उन्हाळ्यात तळाला जातं. काठालगतच्या पुलाचा पाया खोदायला खरे महिने मिळतात ते मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत. पण बार्ज पाड्याच्या पायथ्याशी लागते ती हिवाळ्यात. उन्हाळ्यात तीच बार्ज खाली चिखलात थांबते आणि माल वर चढवायला दुप्पट माणसं लागतात. ज्याला हे ठाऊक आहे तो डिसेंबरातच खडी-सिमेंट वर नेऊन साठवतो आणि पाया मार्चमध्ये काढतो. ठाऊक नसलेला जानेवारीत खोदायला जातो आणि पंप लावून सरोवर उपसत बसतो.

नकाशावरच्या पातळ्या स्वतः ताडून पाहा. पुलाच्या स्लॅबचा तळ आणि जोडरस्ता पूर्ण पाणीपातळीच्या वर आहे ना? मुदत 'पावसाळा धरून' दिली आहे की 'वगळून'? १८ महिने पावसाळा धरून असतील तर खुदाईचे हंगाम मोजा, महिने मोजू नका.

डांबरी कामाचं वेगळं दुखणं. प्लांट दूर असेल तर मिश्रण वाटेतच गार होतं. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल अंथरताना १४० अंशांच्या आसपास लागतो आणि रोलर फिरेपर्यंत ९० अंशांच्या खाली जाता कामा नये. घाटात डंपर बंद पडला की तो माल फेकावा लागतो. पाड्यांकडच्या शेवटच्या तुकड्यात काँक्रीट रस्ता असेल तर खुशाल जा. डांबरीकरण असेल तर प्लांट कुठे उभा करणार हे आधी ठरवा.

जमीन, ग्रामसभा, गौण खनिज

दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. रस्ता वनजमिनीतून जात असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीनं उपवनसंरक्षकांच्या पातळीवर परवानगी मिळते. ती मिळवणं विभागाचं काम आहे, तुमचं नाही. पण कार्यारंभ आदेश घेण्याआधी ती मिळाली आहे का, याची प्रत मागा. नाहीतर यंत्रं चढवून वनरक्षकाच्या पंचनाम्यात उभं राहायची पाळी येते.

मुरूम, खडी, वाळू शेजारच्या डोंगरातून उचलली तर परवाना आणि वाहतूक पास लागतो. पास जोडले नाहीत की स्वामित्वधन (रॉयल्टी) बिलातून कापतात, वर दंड वेगळा.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आदिवासी भागासाठी २५० लोकवस्तीची अट आहे (सपाटीला ५००), आणि रस्ता झाल्यावर पाच वर्षं देखभाल त्याच कंत्राटदाराकडे राहते. टापूवरच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल म्हणजे दर पावसाळ्यानंतर बार्जवरून रोलर नेणं. तो खर्च सुरुवातीलाच दरात असायला हवा.

बिलातून काय जातं

प्राप्तिकर व्यक्तीला १ टक्का, भागीदारीला किंवा कंपनीला २. अडीच लाखांवरच्या करारात जीएसटीचा टीडीएस २ टक्के. बांधकाम कामगार उपकर १ टक्का. शासनाच्या विमा संचालनालयाकडून विमा घेतला नसेल तर त्याची रक्कम. सुरक्षा ठेवीचा हिस्सा. मग उरतं ते हाती, तेही निधी आला असेल तर. दर मोजमापाला हजर राहा, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय खडीचा पुढचा थर टाकू नका. गाडला गेलेला थर नंतर कोणी मोजत नाही.

पाणी अचानक चढलं, बार्ज बंद झाली, तर अडथळा आल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत कार्यकारी अभियंत्यांना लेखी मुदतवाढ मागा. बी-१ करारातलं सहावं कलम तेच सांगतं. अर्जासोबत तारीख दिसणारे फोटो, ग्रामपंचायतीचा दाखला आणि धरणाच्या त्या दिवसाच्या पातळीची नोंद जोडा, आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत स्वतःकडे ठेवा.