अननसाचे सगे आणि सोयरे

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात वालुकाश्माच्या कड्यांवर पिटकैर्निया फेलिसियाना नावाची वनस्पती वाढते. पाने लांब आणि अरुंद, फुले नारिंगी-तांबडी. ती आहे अननसाच्या, म्हणजे ब्रोमेलिएसी कुळातली. या कुळात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि बाकीच्या झाडून सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांत नि आसपासच्या बेटांवर राहतात. मग ही एकटीच अटलांटिकच्या अलीकडे कशी आली?

एक उत्तर सहज सुचते. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकेकाळी जोडलेल्या होत्या, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी त्या एकमेकींपासून सुटल्या, आणि कुळातली एक शाखा इकडेच राहून गेली. दुसरे उत्तर असे, की समुद्र पसरल्यानंतर कधीतरी एखादे बी पलीकडून इकडे आले. जीवाश्मांनी निवाडा करावा, तर या कुळाचे जीवाश्म फारच थोडे. त्यामुळे साक्षीला उरतो तो जिवंत पानातला डीएनए.

ही साक्ष काढण्याची सुरुवात अगदी साधी असते. पानाचा बोटभर तुकडा सिलिका जेलमध्ये खडखडीत वाळवतात, त्याची पूड करतात, रसायनांनी पेशी फोडून प्रथिने बाजूला काढतात. मग थंड अल्कोहोल ओतले की नळीत कापसाच्या धाग्यासारखे पांढुरके काहीतरी तरंगू लागते. तोच डीएनए. त्यातला ठरावीक भाग वाचून वेगवेगळ्या जातींची अक्षरे एकाखाली एक मांडतात. समजा, एका झाडात ‘एटीजीसीसीए’ आहे आणि दुसऱ्या दोघांत त्याच जागी ‘एटीजीटीसीए’. चौथ्या अक्षराचा हा फरक त्या दोघांच्या समान पूर्वजात पडला असेल, तर ते दोघे एकमेकांचे जवळचे. पण ‘टी’ नवा की ‘सी’ नवा? ते ठरवायला कुळाबाहेरची एखादी वनस्पती शेजारी ठेवावी लागते, उदाहरणार्थ पाणकणीस. तिच्यातही ‘सी’ असेल, तर बहुधा ‘टी’ नंतरचा.

नव्या आणि जुन्या खुणांमधला हा भेदच मला या साऱ्या शास्त्राचा गाभा वाटतो. पूर्वी या कुळाचे तीन उपकुलांत विभाजन करत, ते मुख्यतः फळे आणि बिया पाहून. रसाळ फळांची झाडे एका गटात, म्हातारीसारख्या केसाळ बियांची दुसऱ्यात, आणि सुकी फळे नि केस नसलेल्या, बहुधा पंखवाल्या बियांची तिसऱ्यात. लायमन स्मिथ आणि रॉबर्ट डाउन्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात याच चौकटीत संपूर्ण कुळाचे प्रचंड वर्णन तीन खंडांत केले. डीएनएने पहिले दोन गट शाबूत ठेवले. तिसऱ्याचे मात्र तुकडे केले. त्या गटातल्या झाडांना एकत्र आणणारी खूण जुन्या वळणाची निघाली. बाकीच्यांनी ती टाकली आणि यांनी ठेवली, एवढेच. ठेवलेली जुनी वस्तू काही सख्ख्या नात्याचा पुरावा होत नाही. आज तीनऐवजी आठ उपकुले मानली जातात.

पानांच्या टाकीचीही हीच गत. अनेक ब्रोमेलियाड, म्हणजे याच कुळातल्या वनस्पतींची पाने बुडाशी एकमेकांना इतकी घट्ट बिलगतात की मधोमध पावसाचे पाणी साठते. त्यात बेडूक पिले वाढवतात, कुजलेल्या पाल्यातून झाडाला पोषण मिळते. इतकी खास रचना एकदाच उपजली असेल असे वाटावे, पण वंशवृक्षावर ती निदान तीन वेगळ्या फांद्यांवर दिसते. अननसाच्या उपकुलात एकदा, केसाळ बियांच्या टिलँडसियाच्या उपकुलात एकदा आणि ब्रोकिनियात एकदा. ब्रोकिनिया तर बाकी सगळ्या कुळापासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा! व्हेनेझुएलाच्या सपाट माथ्याच्या डोंगरांवर वाढणारी ब्रोकिनिया रिडक्टा आपल्या टाकीत कीटक बुडवून पचवते.

आता पुन्हा त्या आफ्रिकी रोपाकडे. या कुळाच्या हरितलवकातला, म्हणजे पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणांतला डीएनए फार सावकाश बदलतो. एखादा भाग वाचला तर बऱ्याच जाती जवळपास सारख्याच दिसतात. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी हरितलवकाचे आठ भाग एकत्र वाचले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. कुळाचा उगम सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गयाना पठारी प्रदेशात. आजच्या शाखा फुटू लागल्या त्या मात्र सुमारे १.९ कोटी वर्षांपूर्वी. आणि आफ्रिकेत आगमन सुमारे ९३ लाख वर्षांपूर्वी. तोवर अटलांटिक चांगलाच रुंद झाला होता. म्हणजे खंड फुटताना मागे राहिलेली ही शाखा नव्हे, समुद्र ओलांडून आलेली पाहुणी आहे. एवढ्या पाण्यावरून एक बी येते, खडकाच्या फटीत रुजते आणि लाखो वर्षे तग धरते, हे वाचून मी थक्क झालो होतो.

नात्यांचा नवा हिशेब लागला की नावेही बदलतात. लाल तलवारीसारख्या फुलोऱ्यामुळे घराघरांत पोचलेली व्ह्रिसिया स्प्लेंडेन्स २०१६ मध्ये ल्युथेरिया स्प्लेंडेन्स झाली. बागप्रेमींना हा जाच वाटतो हे मी समजू शकतो, तरी चुकीचे नाते नावात जपून ठेवण्यापेक्षा पाटी बदललेली बरी.

हरितलवकाच्या साक्षीलाही एक मर्यादा आहे. बहुतेक सपुष्प वनस्पतींत ते आईकडूनच येते, बापाकडची हकीकत त्याला ठाऊक नसते. याच कुळातल्या, चिलीमधल्या पुया प्रजातीच्या झाडांत हे ठळकपणे दिसले. हरितलवक एक नाते सांगते आणि केंद्रकातले जनुक दुसरे. दोन शाखा वेगळ्या झाल्यावरही त्यांच्यात कधीकाळी संकर झाला असेल, तर असेच घडते. वंशवृक्षात फांद्या नुसत्या फुटत नाहीत, मध्येच एकमेकींशी सोयरीकही करतात. ती हुडकण्यासाठी आता केंद्रकातले शेकडो जनुक एकदम वाचतात. खास या कुळासाठी बनवलेल्या एका संचात तर १,७७६ जनुके पकडायची सोय आहे.