रॉकेटला शिखर कळतं कसं?

२० ऑक्टोबर २०२४ रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं ‘आफ्टरशॉक २’ हे रॉकेट नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटातून ४ लाख ७० हजार फुटांवर, म्हणजे सुमारे १४३ किलोमीटर उंच गेलं. बातमी वाचून पुण्याहून भाच्याचा फोन आला. “मामा, तुम्हीपण वाळवंटात रॉकेट उडवता ना? वर पोचल्यावर पॅराशूटचं बटण कोण दाबतं?”

कुणीच नाही. ते रॉकेटचं रॉकेटलाच ठरवावं लागतं, आणि या छंदातली माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट हीच आहे.

आम्ही शनिवार-रविवारी कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, लुसर्नच्या कोरड्या तळ्यावर जमतो. आमच्या रॉकेटचं इंधन दिवाळीतल्या बाणासारखं काळी दारू नसतं. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि त्यांना धरून ठेवणारं रबर, असं ते मिश्रण असतं. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातही याच जातीचं घन इंधन जळतं. मोटरची, म्हणजे हे इंधन भरलेल्या नळकांड्याची, ताकद इंग्रजी अक्षरांनी मोजतात, दर अक्षराला मर्यादा दुप्पट. माझी ‘जे’ मोटर ६४० ते १२८० न्यूटन-सेकंद (जोर गुणिले जळण्याचा वेळ) या गटातली.

आता शिखर ओळखायचं कसं? मोबाइलमध्ये असतो तसा त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल मोजणारा मापक, बसवला की झालं, असं वाटतं. पण इंधन संपल्यावर रॉकेट म्हणजे वर भिरकावलेला दगड. गुरुत्वाकर्षण रॉकेटला आणि आतल्या त्वरणमापकाला सारखंच ओढतं, त्यामुळे त्याला ती ओढ जाणवतच नाही. जाणवतो तो फक्त हवेचा विरोध. वेग मंदावला की तोही विरतो. शिखराच्या जरा आधी आकडा शून्याजवळ, शिखरावर शून्याजवळ, पडायला लागल्यावरही शून्याजवळच! वाहिन्यांवर “तिथे गुरुत्वाकर्षण संपतं” असं बेधडक सांगतात, ते साफ चूक आहे. १०० किलोमीटरवर ते जमिनीपेक्षा जेमतेम ३ टक्क्यांनी कमी असतं.

म्हणून हवेचा दाब मोजायचा. समुद्रसपाटीजवळ १०० मीटर चढलं की दाब साधारण १२ हेक्टोपास्कलनी उतरतो. रॉकेटच्या नळीला बारीक भोकं पाडतात, त्यातून बाहेरचा दाब आतल्या अल्टिमीटरपर्यंत, म्हणजे उंचीमापकापर्यंत, पोचतो. दाब उतरायचा थांबून वाढू लागला, की शिखर मागे पडलं. अडचण अशी, की शिखराआधीच्या शेवटच्या सेकंदात रॉकेट फक्त पाचेक मीटर चढतं. दाबातला फरक जेमतेम अर्धा हेक्टोपास्कल, आणि तो वाऱ्याच्या झुळकांमधून वेगळा काढायचा.

खरी फसगत ध्वनीच्या वेगापाशी होते. नळीवरून आघात-लहर, म्हणजे दाबलेल्या हवेची जणू भिंतच, सरकते आणि भोकांपाशी दाब एकदम उसळतो. अल्टिमीटरला वाटतं, आपण खाली चाललो. एका मित्राच्या रॉकेटचं असंच झालं. ताशी हजारावर किलोमीटर वेगात पॅराशूट बाहेर पडलं आणि त्याच्या दोरीने फायबरची नळी वीतभर उभी चिरली. म्हणून त्या टप्प्यात दाबाचं ऐकायचंच नाही, अशी सोय करतात. किंवा त्वरणाची बेरीज करत वेग काढतात आणि वेग पुरेसा उतरेपर्यंत दाबाचं वाचन बाजूला ठेवतात. या बेरजेतही खोट आहे. रॉकेट तिरकं झालं, तर गुरुत्वाकर्षणाचा अक्षावरचा भाग कोनाच्या कोसाइननुसार घटतो, पण गणित तो पूर्णच धरतं. म्हणून दोन्ही मापकांची वाचनं, ज्याचा भरवसा जास्त त्याला जास्त वजन देत, सेकंदाला कित्येक वेळा एकत्र करावी लागतात.

शिखर ठरलं की चिमूटभर काळी दारू पेटते, नळीचे दोन भाग सुटतात आणि छोटं पॅराशूट उघडतं. मोठं उघडतं ते जमीन दोनेकशे मीटरवर आल्यावर, नाहीतर वारा रॉकेट कुठल्या कुठे नेईल.

गेल्या खेपेला माझं रॉकेट झुडपांपलीकडे उतरलं. दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. अल्टिमीटर गाठलेली उंची एकेक आकडा करत बीपने सांगत राहतो. भेगाळलेल्या चिखलावर उभा राहून मी मोजलं: सात बीप, थांबा. चार, थांबा. दहा, म्हणजे शून्य. मग दोन. ७४०२ फूट.