पेमेंटचा चालू प्रवाह व अपाचे स्पार्क

दुकानातल्या क्यूआरवर, संकेतस्थळावर किंवा कार्ड यंत्रावर होणाऱ्या पेमेंटच्या नोंदी घडतील तशा स्पार्कसारख्या मोठा डेटा हाताळणाऱ्या इंजिनापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. स्पार्कचे काम २००९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मातेई झहारिया यांनी सुरू केले. २०१६ मध्ये निघालेल्या २.० आवृत्तीतील ‘स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंग’मुळे वाहत्या नोंदींवरही तक्त्याप्रमाणे प्रश्न विचारता येऊ लागले. भारतात यूपीआय आले तेही त्याच वर्षी.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्या वेगळ्या का ठेवतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही रचना निम्मी समजलीच. कीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने उतरतो आणि लिहिलेली ओळ कोणी खोडत नाही. चूक झाली तर उलटी नोंद करतात. खतावणीत त्याच ओळी खातेवार लागतात. पेमेंटचा प्रवाह ही कीर्द आणि स्पार्क त्यावरून सतत मांडत राहतो ती खतावणी. एकाच पेमेंटच्या सुरू झाले, प्रलंबित राहिले, यशस्वी झाले, परतावा गेला अशा अनेक ओळी येतात. जुनी ओळ पुसून तिथेच नवी स्थिती लिहिणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मग पैसे कधी अडकले आणि कधी सुटले, हे शोधायला काहीच उरत नाही.

पेमेंट कंपनी प्रत्येक घडामोडीची सूचना वेबहुकने, म्हणजे आपण दिलेल्या पत्त्यावर आपोआप येणाऱ्या संदेशाने, धाडते. ही सूचना थेट स्पार्ककडे नेणे चुकीचे, कारण इंजिन बंद पडले असेल तर ती मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. म्हणून एक लहान सेवा सूचनेवरची डिजिटल सही तपासते, लगेच पोच देते आणि नोंद काफ्कासारख्या, नोंदी क्रमाने साठवून ठेवणाऱ्या रांगेत टाकते. स्पार्क तिथून छोट्या छोट्या तुकड्यांत वाचतो आणि कुठवर वाचले याची खूण चेकपॉइंटमध्ये ठेवतो. रोज रात्री एपीआयवरून, म्हणजे पेमेंट कंपनीच्या प्रणालीकडे आपण मागणी करून, दिवसभराच्या नोंदी पुन्हा आणून ताडून पाहाव्यात, कारण काही सूचना वाटेत हरवतात.

काही सूचना दोनदाही येतात, आणि क्रमाने येतीलच असे नाही. घटनेच्या ओळख क्रमांकावरून दुबार ओळी गाळाव्या लागतात. उशिरा येणाऱ्यांसाठी किती थांबायचे हे वॉटरमार्क ठरवतो. तो दहा मिनिटांचा ठेवला तर दुकानातल्या संगणकाचा पडदा झटपट ताजा होतो, पण फसलेल्या यूपीआय व्यवहाराचा परतावा त्यात मावत नाही. खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोच मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ते परत जायला हवेत. त्यामुळे पडद्यावरचा चालू आकडा वेगळा आणि हिशेबाचा आकडा वेगळा, असे दोन मार्ग ठेवणेच योग्य.

रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवतात: २४९.५० रुपये म्हणजे २४९५०. दशांशाच्या अंदाजी प्रकारात बेरजा केल्या तर पैशांचे फरक साठत जातात आणि ते शोधता शोधता माणूस मेटाकुटीला येतो. कार्ड क्रमांक या प्रवाहात येताच कामा नये; १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला तो साठवता येत नाही, त्याच्या जागी दिलेला पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, वापरावे लागते.

वेळेचा घोळ आपल्याकडे फार होतो. सूचनांतली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेची असते आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. स्पार्कच्या सत्राची (चालू कामाची) प्रमाणवेळ भारतीय केली नाही, तर सांगलीच्या गणपती पेठेत पहाटे साडेचारला दूध घेणाऱ्याचे पैसे आदल्या दिवसाच्या गल्ल्यात जमा दिसतात. बँकेत मात्र अनेक पेमेंटची मिळून, शुल्क वजा झालेली एकच रक्कम जमा होते. प्रत्येक ओळीला त्या जमा रकमेचा क्रमांक जोडला, तरच तिच्यातले एकेक गिऱ्हाईक वेगळे काढता येते.