बोटीवरचा पगार थकल्यास आयटीएफकडे तक्रार कशी करावी : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन, म्हणजेच दर्यावर्दींमध्ये आयटीएफ या नावाने ओळखला जाणारा महासंघ, १८९६ साली लंडनमध्ये स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय आज लंडनमध्ये आहे. जहाज, गोदी, रेल्वे, रस्ते आणि विमान वाहतुकीतील कामगार संघटना त्याच्या सभासद असतात. त्यामुळे एखाद्या व्यक्तीने थेट आयटीएफचे सभासदत्व घेण्याचा कोणताही अर्ज अस्तित्वात नाही. रेल्वेचा किंवा गोदीचा कामगार आपल्या संघटनेमार्फतच या महासंघाशी जोडलेला असतो.

बोटीवर काम करणाऱ्यांसाठी मात्र थेट मदतीची वाट खुली आहे, आणि त्यामागे कारण आहे. जहाजाचा मालक एका देशातला, नोंदणी पनामा किंवा लायबेरियासारख्या दुसऱ्याच देशात, व्यवस्थापन तिसरीकडे आणि खलाशी रत्नागिरीचा किंवा गोव्याचा, अशी स्थिती असताना थकलेला पगार कोणाकडे मागायचा हे एकट्या खलाशाला उमगत नाही. सोयीसाठी परक्या देशाचा झेंडा लावणाऱ्या अशा जहाजांविरुद्ध आयटीएफची मोहीम १९४८ पासून चालू असून तिचे निरीक्षक जगभरातील अनेक बंदरांत, भारतातील काही बंदरांतही, काम करतात.

पात्रता

आयटीएफ मदत करताना राष्ट्रीयत्व किंवा जहाजाचा झेंडा पाहत नाही. सागरी श्रम करार २००६ (मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन) या दर्यावर्दींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारी व्यक्ती ही दर्यावर्दी ठरते. म्हणून क्रूझ जहाजावरचा वेटर, स्वयंपाकी किंवा केबिनची साफसफाई करणारा कर्मचारी इंजिनरूममधील फिटरइतकाच तक्रारीस पात्र आहे. गोव्यातून क्रूझवर जाणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते आणि आपण हॉटेल कर्मचारी आहोत असे समजून ते गप्प राहतात. मासेमारी नौकांना मात्र हा करार लागू होत नाही. त्यावरील कामगारांनीही आयटीएफशी संपर्क साधावा, पण त्यांच्या हक्कांचा कायदेशीर आधार वेगळा आहे हे लक्षात ठेवावे.

नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया किंवा मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया यांसारख्या आयटीएफशी संलग्न संघटनेचे तुम्ही सभासद असाल, तर आधी तिच्याशी बोलणे सोयीचे ठरते, कारण तुमचा नोकरीचा करार आणि तुमची मॅनिंग कंपनी (जहाजांसाठी खलाशी पुरवणारी कंपनी) त्यांच्या परिचयाची असण्याची शक्यता अधिक असते आणि संभाषण मराठीत किंवा हिंदीत होऊ शकते. सभासदत्व नाही म्हणून तक्रार करण्याचे टाळू नये.

तक्रार केव्हा करावी

सागरी श्रम कराराप्रमाणे पगार एका महिन्यापेक्षा अधिक अंतराने देता येत नाही, आणि किती देय होते व किती दिले याचा मासिक हिशेब खलाशाला मिळाला पाहिजे. म्हणजे पहिला पगार चुकला तेव्हाच तक्रारीचा अधिकार निर्माण होतो. दोन महिन्यांचा पगार थकवून मालकाने एकतर्फी हात वर केले, किंवा त्याने घरी परत पाठवण्याचा खर्च नाकारला, किंवा जहाजावर अन्न, पाणी, इंधन व औषधोपचार पुरवणे थांबवले, तर त्या खलाशाला कायद्याच्या भाषेत वाऱ्यावर सोडलेला मानले जाते. यापैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी आहे. आयटीएफने २०२४ साली अशी ३१२ जहाजे नोंदवली. त्यांवर तीन हजारांहून अधिक कामगार अडकले होते आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती.

वाऱ्यावर सोडल्याचे सिद्ध झाले की विम्याचे कवच लागू होते. सागरी श्रम करारातील जी दुरुस्ती १८ जानेवारी २०१७ पासून अमलात आली, तिच्यानुसार प्रत्येक जहाजमालकाकडे आर्थिक हमी असणे बंधनकारक आहे. या हमीतून जास्तीत जास्त चार महिन्यांचा थकीत पगार, परतीचा प्रवास आणि तोवरचा अत्यावश्यक खर्च भागवला जातो. चार महिन्यांच्या या मर्यादेमुळेच उशीर महागात पडतो, कारण आठ महिने वाट पाहणाऱ्याला उरलेल्या चार महिन्यांसाठी मालकाच्या किंवा न्यायालयाच्या दारात उभे राहावे लागते. या हमीचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावलेले असते. बोटीवर चढल्यानंतर पहिल्याच आठवड्यात त्याचे छायाचित्र काढून घरी पाठवावे.

कागदपत्रे

सर्वांत महत्त्वाची माहिती जहाजाविषयीची असते : जहाजाचे नाव, झेंडा आणि सात अंकी आयएमओ क्रमांक (प्रत्येक जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक). मालक बदलला, नाव बदलले, झेंडा बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही, म्हणून तो नसलेली तक्रार अर्धवट समजावी. जहाज सध्या कोठे आहे, पुढचे बंदर कोणते आणि तेथे केव्हा पोहोचणार, हेही स्पष्ट लिहावे, कारण निरीक्षक जहाज बंदरात असतानाच त्यावर येऊ शकतो.

त्यानंतर स्वतःचे नाव, हुद्दा, राष्ट्रीयत्व, संपर्क, साइन ऑनची (जहाजावर रुजू झाल्याची) तारीख, जहाजावरील एकूण कर्मचारी व त्यांची राष्ट्रीयत्वे, आणि तक्रार एकट्याची आहे की सर्वांची, हे लिहावे. सोबत नोकरीचा करार, पगाराचे मासिक हिशेब, बँकेत जमा झालेल्या रकमांचा उतारा, कंपनीशी झालेला ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरील पत्रव्यवहार, पासपोर्टची आणि सीडीसीची (खलाशाच्या अधिकृत नोंदपुस्तिकेची) प्रत जोडावी. कराराची दोन्ही पक्षांच्या सह्या असलेली प्रत खलाशाकडे असणे हा त्याचा हक्क आहे. ‘प्रत नंतर पाठवतो’ असे म्हणणाऱ्या एजंटच्या भरवशावर विमानात बसू नये. जहाजावर सामूहिक करार (कामगार संघटना आणि मालक यांच्यातील करार) लागू असल्यास त्याचीही प्रत द्यावी, कारण आयटीएफने मान्य केलेला करार असेल तर थकबाकी त्यातील दरांनुसार मोजली जाते.

प्रक्रिया

प्रथम कॅप्टनकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत ठेवावी. प्रत्येक जहाजावर अंतर्गत तक्रारीची पद्धत असते, तिची प्रत खलाशाला मिळाली पाहिजे आणि तक्रारीबद्दल छळ करण्यास मनाई आहे. ही पायरी संपेपर्यंत बाहेर जाताच येत नाही, असा मात्र नियम नाही. बंदरातील अधिकाऱ्याकडे थेट तक्रार करता येते आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवले जाते. आयटीएफच्या संकेतस्थळावर बंदरनिहाय निरीक्षकांची यादी असते. त्यांच्याशी किंवा लंडनमधील मदत कक्षाशी संपर्क साधता येतो.

तक्रार मिळाल्यावर निरीक्षक मालकाशी बोलतो, जहाजावर येऊन हिशेब तपासतो, आणि गरज पडल्यास झेंड्याच्या देशाकडे व बंदरातील तपासणी यंत्रणेकडे प्रकरण नेतो. विमा कंपनीकडे मागणी खलाशाने स्वतः किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीने करायची असते, म्हणून मागितल्यास अधिकारपत्र द्यावे. भारतातून मॅनिंग एजन्सीमार्फत गेलेल्यांनी त्याच वेळी मुंबईतील नौवहन महासंचालनालयाकडेही तक्रार नोंदवावी, कारण एजन्सीचा परवाना तेथून मिळालेला असतो. विनापरवाना एजंटकडून गेलेल्याच्या हातून नेमकी हीच वाट निसटते.

शेवटचा उपाय जहाज अटकेचा, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने जहाज बंदरात रोखून धरण्याचा. जहाज भारतीय बंदरात असल्यास २०१७ च्या नौअधिकरण कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयासारख्या न्यायालयात दाद मागता येते. पगारासाठी खलाशाचा त्या जहाजावरच धारणाधिकार, म्हणजे जहाजातून थकबाकी वसूल करण्याचा हक्क असतो, तो पगार देय झाल्यापासून दोन वर्षे टिकतो आणि जहाजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेत गहाणदार बँकेच्याही आधी त्याचा क्रमांक लागतो.

काही खबरदारी आवश्यक आहे. सल्ला घेतल्याशिवाय काम बंद करू नये, कारण संपाचे कायदे देशागणिक वेगळे असून काही ठिकाणी खलाशालाच अटक होऊ शकते. तसेच ‘सर्व हिशेब पूर्ण झाला’ अशा मजकुरावर पैसे हातात येण्यापूर्वी सही करू नये, आणि जहाज सोडण्यापूर्वी थकबाकीचा आकडा कॅप्टनच्या सहीशिक्क्यासह लेखी घ्यावा. आयटीएफ नोकऱ्या देत नाही. तिच्या नावाने नियुक्तिपत्र पाठवून व्हिसा किंवा प्रक्रिया शुल्क मागणारा ईमेल फसवणुकीचा असतो. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेण्यास सागरी श्रम करारानेही बंदी घातली आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे राहू शकतो, व्हिसाचा नाही.