वाफ उदंड, पाणी थोडे

भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि चांगदेवला तापीत मिळणारी पूर्णा वरच्या अंगाला ज्या खारपाणपट्ट्यातून वाहत येते, तेथे विहिरीला पाणी लागूनही ते अनेकदा पिण्याजोगे नसते. असे खारे पाणी उन्हाने तापवून त्याची वाफ थंड करावी, ही युक्ती जुनीच आहे. चिलीतील लास सालिनास येथे चार्ल्स विल्सन यांनी १८७२ मध्ये सुमारे ४,७०० चौरस मीटर काचेखाली खाणकामगारांसाठी रोज वीस हजारांहून अधिक लिटर गोडे पाणी मिळवले होते. चौरस मीटरमागे हे साडेचार-पाच लिटरच भरते, आणि खारे पाणी भरून वर काच लावलेल्या साध्या सौर पेटीचा पल्ला आजही साधारण तेवढाच आहे.

याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. भर दुपारी चौरस मीटरवर तासाला ३,६०० किलोज्यूल ऊन पडते, म्हणजे काहीही वाया न जाता फार तर दीड लिटर. जुन्या पेटीत यातली बरीच उष्णता तळापर्यंतचे सगळे पाणी तापवण्यात जाते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातील गँग चेन यांच्या गटाने ग्रॅफाइट आणि कार्बन फोमचा तरंगता काळा थर वापरून फक्त पृष्ठभागावरचेच पाणी तापवले, आणि दहापट एकवटलेल्या उन्हात ८५ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०१८ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे हायड्रोजेलने, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीदार जेलने, साध्या उन्हात चौरस मीटरमागे तासाला ३.२ लिटरचा वेग गाठला. दीड लिटरची मर्यादा ओलांडली कशी? जेलच्या जाळीत पाण्याच्या रेणूंचे आपसातले बंध सैल होतात, असे संशोधकांचे म्हणणे आहे. काही उष्णता भोवतालच्या हवेतून येत असावी, अशी शंकाही घेतली जाते. (सावलीतल्या माठातून पाणी उडते, तेही उन्हाच्या बळावर नव्हेच.)

मला मात्र या आकड्यांपेक्षा हंड्यात काय पडते ते महत्त्वाचे वाटते. वाफेचा वेग बहुधा उघड्यावर, तराजूवर घटलेल्या वजनावरून मोजतात; बंद पेटीत तीच वाफ काचेवर थिजून पुन्हा पाणी होताना घेतलेली सगळी उष्णता परत सोडते, काच तापते आणि पुढची वाफ थिजणे मंदावते. ही परत मिळालेली उष्णता फुकट का घालवावी? एमआयटी आणि शांघायच्या संशोधकांनी २०२० मध्ये दहा कप्पे एकामागे एक लावले, म्हणजे एका कप्प्यात थिजणारी वाफ पुढच्या कप्प्यातले पाणी तापवू लागली, आणि चौरस मीटरमागे तासाला ५.७८ लिटर पाणी प्रत्यक्ष हाती आले. त्या रचनेत पाणी चढवणारी वात स्वस्त होती. महाग होता तो उष्णता अडवणारा पारदर्शक एरोजेल, म्हणजे हवेने भरलेला अतिशय हलका घन पदार्थ.

उरते ते मीठ. समुद्रकाठी उरलेले तीव्र खारे पाणी परत समुद्रात जाते, रात्री वातीतले मीठही खालच्या पाण्यात उतरू देता येते. खानदेशात मात्र ते पाणी शेतात सोडले, तर त्यातल्या सोडियममुळे काळी माती चिकट होऊन पाणी मुरेनासे होते. म्हणून इथल्यासाठी मीठ कडेला कोरडे साचून खरवडून काढता येईल, असाच वाफ करणारा पदार्थ शोधावा लागेल.