बुखारी धूर मारते? आधी टोपीची जाळी बघा

लष्करी नमुन्याच्या कापडी तंबूंसाठी आमच्याकडून लाकडावर चालणारी बुखारी, म्हणजे तंबू गरम ठेवणारी धुराड्याची शेगडी, नेणाऱ्या ग्राहकांकरिता

डिसेंबर उजाडला की आम्हाला एकाच तक्रारीचे फोन येतात. "पहिले दोन दिवस झकास चालली, आता तंबूत धूर कोंडतो." फोन मनालीहून येवो नाहीतर औलीहून, कारण बहुतेक वेळा तेच निघतं. रात्री झोपताना बुखारीत ओली लाकडं ठासलेली असतात आणि ती सकाळपर्यंत पुरावीत म्हणून बुखारीची हवा आत घेणारी खिडकी पूर्ण लावून घेतलेली असते.

हवा मिळाली नाही की लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. त्या धुरात डांबर आणि वाफ असते. धूर साधारण १२० अंशांखाली गार झाला की डांबर धुराच्या पाइपाला आतून धरतं. पाइपाचं वरचं टोक सगळ्यात गार, म्हणून तिथल्या टोपीतली ठिणग्या अडवणारी जाळी पहिली बुजते. गेल्या हंगामात परत आलेल्या एका बुखारीची टोपी आम्ही उघडली, तर जाळीवर काकवीसारखा काळा, चिकट थर होता. उजेडासमोर धरली तरी पलीकडचं दिसेना. बुखारीत काहीच बिघाड नव्हता. पण जाण्यायेण्याचं भाडं गेलं आणि ऐन थंडीत तो तंबू दहा दिवस गार राहिला.

जाळी मात्र काढून टाकू नका. एक ठिणगी कापडाला पुरते. रोज सकाळी बुखारी गार असताना टोपी उतरवा, झटका, तारेच्या ब्रशने घासा. पाच मिनिटांचं काम आहे.

लाकडाबद्दलही सांगतो. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं; चांगल्या जळणात पाणी २० टक्क्यांच्या आत हवं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड ठणठण वाजतं, ओलं भद्द. मनगटाएवढ्या फोडी करा, अख्खा ओंडका घालू नका.

"मग रात्रभर ऊब कशी टिकवायची?" असं विचारतात. फिनलंडच्या सैन्यात तंबूतल्या बुखारीपाशी रात्रभर पाळीपाळीने एक जण जागा बसतो आणि थोडं थोडं लाकूड घालतो. आमच्या मते तीच खरी पद्धत. जागायला कोणी नसेल, तर झोपण्याआधी आग पूर्ण विझू द्या आणि चांगल्या स्लीपिंग बॅगवर भिस्त ठेवा. धुमसत्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. तंबूचा झरोका बुखारी पेटलेली असेतो उघडाच हवा. या वायूचा इशारा देणारा अलार्म प्रत्येक बुखारीसोबत घ्या, असा आमचा आग्रह असतो. त्यासाठी एखादं गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

पाइपात धूर दाबणारी झडप बसवून द्या, अशी मागणी होते. आम्ही देत नाही. झडप असली की ती रात्री बंद होणारच. तसंच पाइपाशिवाय नुसती बुखारीही विकत नाही आणि जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप वापरत नाही, कारण तो फार तापला की जस्ताचा थर सुटतो आणि त्याचा धूर छातीला बाधतो. आमचा संच थोडा महाग पडतो तो याच पाइपामुळे.

ऑर्डर देताना मुक्कामाची उंची जरूर कळवा. लेहसारख्या ३,५०० मीटरच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, धुराड्याची धूर वर खेचणारी ओढ कमी पडते. तिथे आम्ही पाइपाचा एक तुकडा जास्त देतो. पाइपाचं तोंड तंबूच्या आढ्याच्या वर गेलंच पाहिजे.

इतकं करूनही धूर आला, तर बुखारी पाठवू नका. टोपी, जाळी आणि पाइपाचे सांधे यांचे फोटो पाठवा. एखादाच तुकडा खराब निघाला तर तेवढाच पाठवू, पूर्ण संच घ्यायला लावणार नाही.