शेवटचा दिवा मंद का पेटतो?

कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफी दुकानांत शोकेसवर एलईडीची लांब पट्टी असते ना, ती नीट बघा. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचं टोक लख्ख आणि शेवटचं मंद दिसतं. लगेच सगळे म्हणतात, माल डुप्लिकेट. पण बहुतेक वेळा माल चांगलाच असतो, व्होल्टेज वाटेतल्या तांब्यातच खर्च झालेलं असतं. आणि मॉड्युलर लाईट, म्हणजे तुकड्याला तुकडा जोडत हवा तेवढा वाढवायचा दिवा, डिझाइन करायला बसलं की पहिलं भांडण इथेच होतं.

हिशोब करूया. ६० वॅटचे दिवे, सप्लायपासून १० मीटर लांब, १ स्क्वेअर एमएमची वायर. जाऊन-येऊन २० मीटर, रेझिस्टन्स साधारण ०.३४ ओहम. १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागणार. आता गंमत बघा, १२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या असतात, त्या साधारण ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ रेझिस्टरवर, म्हणजे करंट अडवणाऱ्या छोट्या भागावर पडतात आणि करंट किती जायचा ते हे ३ व्होल्टच ठरवतात, म्हणजे वायरीत गेलेला व्होल्ट १२ मधून नाही तर या ३ मधूनच कापला जातो! म्हणून ५ च्या जागी जेमतेम ३.२ अँपिअर जातात. एक तृतीयांश करंट गायब.

तेच ४८ व्होल्टवर करा. करंट सव्वा अँपिअर, वायरीत वाया जाणारे वॅट ५ अँपिअरच्या मानानं १६ पट कमी, आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये स्वतःचा छोटा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरलेला करंट देणारं सर्किट असेल तर थोडं व्होल्टेज कमी आलं तरी उजेड तोच.

पण ड्रायव्हर आत घातला की त्याची उष्णता आली, ती ॲल्युमिनियमच्या बॉडीतूनच बाहेर जाणार. डिझायनरला बॉडी बारीक आणि कडा एकदम सरळ हव्या असतात. शिरोलीतल्या कास्टिंगवाल्याला, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्याला विचारा, तो सांगेल कडांना टेपर, म्हणजे थोडा उतार दिल्याशिवाय पीस डायमधून, म्हणजे साच्यातून सुटतच नाही. फिटरचं म्हणणं वेगळंच, शिडीवर उभं राहून एका हातानं कनेक्टर बसला पाहिजे आणि उलटा बसताच कामा नये. सोन्याच्या दुकानदाराला ३००० केल्विनचा उबदार उजेड हवा, हुपरीच्या चांदीवाल्याला ४००० किंवा पुढचा, म्हणजे जास्त पांढरा, म्हणून हेड, म्हणजे उजेड देणारा भाग, बदलता आलं पाहिजे. हे सगळे पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसले तरच दिव्यांची रेंज जमते, असं माझं ठाम मत आहे. एकानं चित्र काढून दुसऱ्याकडे ढकललं की शेवटी भोगतो तो फिटर.

दिवा आग्नेयेला लावला की भरभराट होते, असं सांगून विकणारेही आहेत. दिशेनं काही होत नाही हो, वायरीच्या लांबीनं होतं. खोक्यावरचे ५०,००० ताससुद्धा बहुतेक वेळा एलईडीचे असतात, ड्रायव्हरचे नाहीत, आणि आधी मरतो तो ड्रायव्हरच.

तुमच्या दुकानात शेवटचं टोक मंद असेल तर पट्टी बदलायच्या आधी सप्लाय एका टोकाऐवजी मधोमध जोडून घ्या. दोन्ही बाजूंना निम्मी लांबी आणि निम्मा करंट, म्हणजे पट्टीतलं व्होल्टेजचं नुकसान साधारण पाव राहतं.